न लिहिलेला शेरा

सर फुटाणे खात खात आमचा कोड वाचायचे आणि त्यांचं तोंड थांबलं की आमची बोटं थांबायची. मेहकरला एस.टी. स्टँडजवळ एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली खताची पोती, वर आम्ही. पंखा लावला की खताचा वास आणि सरांच्या फुटाण्यांची कुरकुर, दोन्ही खोलीभर फिरायचं. कुणाचं काम वाचणं चाललंय हे सर कधी सांगायचे नाहीत. कुरकुर थांबली की सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचे, बाईंनी प्रश्न विचारल्यावर शेवटच्या बाकावरची पोरं घालतात तसं. मग सरांच्या की-बोर्डचा आवाज यायचा, तोही थोडाच. कारण सरांचा शेरा बहुतेक वेळा दोन शब्दांचा असायचा.

"हे काऊन?"

काऊन म्हणजे आमच्या वऱ्हाडीत का. आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, म्हणजे सर कळतील. कुणी कोडमध्ये बदल केला की तो थेट मुख्य कोडात जात नाही. तो आधी दुसऱ्या कुणासमोर ठेवायचा. स्क्रीनवर काढलेल्या ओळी लाल दिसतात, नव्या घातलेल्या हिरव्या. त्या दुसऱ्याने ते सगळं वाचायचं, ओळीशेजारी शेरे मारायचे, आणि पटलं तरच मंजूर करायचं. पुण्याबिण्याच्या कंपन्यांत वाचणारे दहा जण असतात आणि ते एकमेकांचं वाचतात. आमच्याकडे सगळ्यांचं वाचणारे सर एकटेच. मालक म्हणजे मेहकरचाच पोरगा, पुण्याची नोकरी सोडून आलेला. त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं की सरांनी मंजूर केल्याशिवाय एक ओळसुद्धा आत जाणार नाही. नंतर त्याला त्याचा पश्चात्तापही बराच झाला, कारण गिऱ्हाईक फोनवर बोंबलत असायचं आणि सर फुटाणे खात असायचे.

मी लोणारचा. कुठंही गेलो की लोक मला सरोवराबद्दल विचारतात. सरांनी विचारलं, "लोणारच्या एस.टी.नं टायमावर येशील का बे?" एवढीच माझी मुलाखत.

सर आधी लाल ओळी वाचायचे. हिरव्याकडे नंतर. "नवं काय घातलं ते तू सोताच सांगत फिरशील," म्हणायचे, "काढलं काय, ते मले पाहू दे." मला हे विक्षिप्तपणाचं वाटायचं. नावांवरून तर ते हैराण करायचे. एकदा मी घाईत, माहिती ठेवायच्या एका जागेला टेंप, म्हणजे तात्पुरतं, असं नाव दिलं, सगळेच देतात. सरांनी मला खुर्चीसकट ओढून शेजारी घेतलं. "टेंप म्हंजे कोन बे हा? लग्नात जेवून राह्यला अन् कोनाकडचा हाय ते सांगत नाई?" मी तीन वेळा नाव बदललं तेव्हा कुठे त्या पाहुण्याला पान वाढलं गेलं.

हा स्वभाव ऑफिसपुरता असता तर ठीक होतं. मालकाने स्वतःच्या लग्नाची पत्रिका मोठ्या प्रेमाने आणून दिली. सरांनी ती आलटूनपालटून वाचली, खिशातून पेन काढलं आणि भोजनाच्या वेळेवर गोल केला. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि भोजन बारापासून. शेजारी लिहिलं, "हे काऊन?" आणि पत्रिका मालकाला परत. मालकाच्या हजार पत्रिका छापून झाल्या होत्या. लग्नात सर आले, पहिल्या पंगतीला बसले नाहीत, अक्षता पडेपर्यंत थांबले आणि मग जेवले. मालकाची आई अजून तो किस्सा सांगते, आणि हसत नाही.

आमचं सॉफ्टवेअर गोदामांसाठी होतं. शेतकऱ्याची तूर, सोयाबीन आली की वजन व्हायचं, ओलावा मोजला जायचा, पावती निघायची. ओलावा जास्त असला की तेवढं वजन कमी धरायचं. एकदा मी लिहिलेल्या कोडात ओलाव्याचा रकाना रिकामा राहिला तर सॉफ्टवेअर तो शून्य धरत होतं. कुरकुर थांबली. "ओलावा शून्य म्हंजे काय? सोयाबीन हाय का काचेच्या गोट्या?" मी म्हणालो, सर, रिकामा ठेवणारच कोण? सर उठले आणि मला डोणगावच्या एका गोदामावर घेऊन गेले, एस.टी.ने, तिकीट त्यांनीच काढलं. तिथे ओलावा मोजायचं यंत्र बंद पडलेलं आणि माणूस एकामागून एक रकाने रिकामे सोडत होता. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात कोड दुरुस्त करत होतो. सर एक शब्द बोलले नाहीत. "पाह्यलं ना?" एवढंसुद्धा नाही. हा माणूस चूक दाखवायचा, चुकीवर नाचायचा नाही. मला तेव्हापासून तो फार आवडायला लागला, आणि त्याच्या शेऱ्यांची भीती तरी तशीच राहिली.

एकदा काही कामाने त्यांच्या घरी गेलो होतो. सरांचे वडील गावात पूजा सांगायचे, घर जुन्या वळणाचं, पण सरांच्या मिसेस, आमच्या काकू, मोठ्या मोकळ्या. मला पोहे दिले, सरांना दिले. सर खाऊन हात धुवायला गेले तशा काकू म्हणाल्या, "तीस वर्सं झाली. चांगलं झालं असं या मानसानं एकदा म्हनलं नाई. मीठ कमी पडलं तरच तोंड उघडते."

"मग तुम्हाला कळतं कसं काकू?"

"बशी पाह्य ना," काकू म्हणाल्या. बशीत एक शेंगदाणासुद्धा उरला नव्हता. "पह्यले पाच वर्सं रडली मी. मंग बशी वाचाले शिकली."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

सुजाता आमच्याकडे आली ती डोणगावहून. आई अंगणवाडी सेविका, वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला. घर बौद्ध वस्तीत, आणि त्या वस्तीतली कॉम्प्युटर शिकलेली ती पहिली मुलगी. पुण्याला जायचं तिच्या मनात नव्हतं. आईला सांधेदुखी, धाकटा भाऊ दहावीला, आणि रोज एस.टी.ने घरी जाता येईल अशी नोकरी मेहकरात मिळालेली. ती बोलायची कमी, काम करायची जास्त. तिने पहिला बदल सरांसमोर ठेवला तेव्हा आम्ही सगळे कान लावून बसलो. नव्या माणसाला किती काऊन पडतात यावर आमच्यात चहाची पैज लागायची.

एकही पडला नाही. तासाभराने बदल मंजूर. शेजारी अक्षर नाही.

दुसऱ्याचंही तेच झालं, तिसऱ्याचंही. आम्हाला मात्र रोज भाजून निघावं लागत होतं. एक जण चिडून म्हणालासुद्धा, "सर, सुजाताचं तुम्ही वाचत नाही का?" सर म्हणाले, "तू तुझं पाह्य." आता आठवतं की तिचं काम उघडलं की सर फुटाण्यांची पुडी गुंडाळून खिशात ठेवायचे. तोंड रिकामं ठेवून वाचायचे. खोली शांत व्हायची, आणि आम्ही समजायचो की सर काहीच वाचत नाहीयेत. काकूंची बशी माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं मांडलेली होती आणि ती मला दिसली नाही. मलाच दिसली नाही, तर सुजाताला कुठून दिसणार!

दोन वर्षं अशी गेली. मग एका संध्याकाळी स्टँडवर आम्ही आपापल्या गाड्यांची वाट बघत उभे होतो तेव्हा ती म्हणाली, "पुण्याच्या एका कंपनीचा फोन येऊन राह्यला. तिसऱ्यांदा."

"मग? तुला तर जायचं नव्हतं."

"नवतंच जायचं. अजूनबी नाई." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पन अठी राहून काय करू? सर तुमच्यावर वरडतात, तुमाले बाजूले बसवतात. माह्या कामाले हातच लावत नाईत."

मी म्हणालो, अगं, चुका नसतात म्हणून.

"दोन वर्सांत एकबी नाई? मले माह्या चुका माहीत हायेत." मग तिने शाळेतली गोष्ट सांगितली. एक गुरुजी होते, सगळ्यांच्या वह्या तपासायचे, लाल पेनाने भरून टाकायचे. तिच्या वस्तीतल्या पोरांच्या वह्या उघडायचेच नाहीत. कव्हर धरून वरच्या वर सही. "घरी वही दाखवली का माय खुश व्हायची, एकबी चूक नाई म्हनून. मी सांगू शकत नवती तिले."

तिची गाडी आली आणि ती गेली. मी तिथेच उभा राहिलो. सरांच्या मनात तसलं काही नव्हतं हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण मी सांगून काय उपयोग? ते तिला तिच्या ओळींच्या शेजारी लिहिलेलं दिसायला हवं होतं. आणि सरांवर, असं काही कुणाच्या मनात येऊ शकतं, हा विचारसुद्धा करायची पाळी जन्मात कधी आली नव्हती. आमच्यापैकी कुणावरच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं, गुरुजींसकट. सरांचा चेहरा पडला. खरोखर पडला, एखाद्याला घरून वाईट फोन यावा तसा.

"मी? तिचं वाचत नाई?" ते म्हणाले. "अबे, तुमचं वाचून डोकं दुखलं का मी तिचं जुनं काढून वाचतो."

"मग तिला सांगा की सर."

"काय सांगू?"

"चांगलं आहे म्हणून सांगा."

सर माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांना भर स्टँडवर नाचायला सांगितलं होतं. "चांगलं हाय ते तिले दिसते ना. मंजूर नाई का करत मी?" मग म्हणाले, "पाह्यतो."

आणि त्यांनी जे पाहिलं, त्याने सगळं घालवलं.

चार दिवसांनी सुजाताने एक बदल ठेवला. वजनाच्या पावतीचा. गोदामावर ट्रॅक्टर आला की भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, माल उतरला की रिकामीचं, आणि फरक म्हणजे माल. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनी तिच्या कामावर दोन वर्षांतला पहिला शेरा लिहिला. "वजन दोनदा घेतलं. हे काऊन? एक काढ."

शेरे सगळ्यांना दिसतात. खोलीत कुणीतरी फसकन हसलं. मालक आपल्या केबिनमधून मान काढून बघायला लागला. सुजाता जागेवरून उठली, सरांच्या टेबलापाशी आली आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सर, एक भरल्या ट्रॉलीचं हाय. एक रिकाम्या."

"हो का?" सर म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं, कसंनुसं, पण होतं. मी ते पहिल्यांदाच बघत होतो. "हाव, हाव. बरोबर. मंग राहू दे."

"तुमी वाचलं नाई सर," सुजाता म्हणाली. "वाचलं असतं तर असं लिवलं नसतं."

ती जाऊन बसली. सरांचं हसू तिथेच राहून गेलं, आवरायचं विसरल्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो. सर, तुम्ही हे लिहिलंत? तुम्ही?

"दोन दिवस शोधली बे चूक," सर म्हणाले. "नाई सापडली. मंग एक बनवली. म्हटलं, अशी बनवू का तिले पटकन दिसंल. ती येईल, सांगंल, माह्यावर हासंल. दोन शब्द बोलनं होईल." त्यांनी डबा उघडला नव्हता. "चूक काढल्याशिवाय बोलाचं कसं, ते मले येत नाई."

त्या माणसाने तोवर आयुष्यात खोटा शेरा लिहिला तो हा एकच. तोही मायेपोटी. आणि तो नेमका त्या मुलीने पकडला जिला तो पकडता येणारच होता. मी सुजाताला जाऊन हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सर सोता काऊन नाई सांगत?" त्याच आठवड्यात तिने मालकाकडे राजीनामा दिला. मालकाने पगार वाढवून देतो म्हणून पाहिलं. ती म्हणाली, पगाराचं काही नाही.

शेवटच्या दिवशी कचोरी आणली, मालक दोन शब्द बोलला. "सर, तुम्हीही बोला," असं कुणीतरी म्हणालं. सर उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं आणि पंखा मोठा कर म्हणाले आणि बसले. सुजाता सगळ्यांचा निरोप घेऊन खाली उतरली तरी ते बसूनच. मग एकदम उठले आणि चपला अर्धवट घालून जिना उतरायला लागले. मी मागे धावलो, म्हाताऱ्याचा पाय घसरेल म्हणून.

डोणगावची गाडी लागलेली होती. सुजाता खिडकीशी बसली होती. सर खिडकीखाली उभे राहिले, मान वर करून, आणि बोलायला लागले. तिचा पहिला बदल कोणता, त्यात तिने कुठली ओळ काढली होती. ओलाव्याच्या कामात तिने तीन जागचा गुंता एका जागी कसा आणला. तूर आणि सोयाबीन वेगळं करताना तिने काय नाव दिलं होतं आणि ते नाव त्यांनासुद्धा सुचलं नसतं, हे. त्यांना धाप लागली होती. आजूबाजूच्या बायका हा काय प्रकार म्हणून बघत होत्या. कंडक्टर घंटीला हात लावून थांबला.

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता ही उतरते. गाडीतून पिशवी घेऊन खाली येते. मला खरंच तसं वाटलं.

"सर," ती म्हणाली, "यातलं एक जरी तुमी लिवलं असतं ना, तर मी पुण्याचा फोनच उचलला नसता." मग डोळे पुसून म्हणाली, "आता हो म्हनून बसली मी. माय रडून मोकळी झाली. येते सर. जयभीम."

"हाव, हाव," सर म्हणाले. कंडक्टरने घंटी दिली.

तिचं पुण्यात उत्तम चाललंय. तिच्या हाताखाली आता माणसं आहेत. आईला दर दोन महिन्यांनी भेटायला येते, मेहकरला उतरत नाही, डोणगावलाच थेट. यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीला गाव सोडायचं नव्हतं आणि सरांना तिला सोडायचं नव्हतं, आणि तरी ती गेली, हे आठवलं की मला अजूनही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

तिच्यानंतर सर बदलले. पहिल्यांदा माझ्या एका बदलाशेजारी "छान" असं आलं तेव्हा मला वाटलं सरांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलंय. मग सगळ्यांनाच छान यायला लागलं. ओळ नीट असो, वाकडी असो, छान. टेंप असो, छान. आधी आम्ही खूष होतो, खोटं कशाला बोलू. कामं भराभर पुढे सरकत होती, मालक तर हवेत. पण हळूहळू गोदामांचे फोन वाढले. इथे पावती चुकली, तिथे दोन वेळा नोंद झाली. मालक म्हणाला, सरांचं वय झालं. एक पोरगा म्हणाला, सरांना आता दिसत नाही. मी दोघांशीही भांडलो.

शेवटी मला राहवेना. मी एक बदल केला आणि त्यात मुद्दाम एक ढळढळीत चूक ठेवली. माल गोदामात आला की साठा वाढायच्या ऐवजी कमी व्हायचा. पहिल्या महिन्यातल्या पोरालाही दिसावी अशी. ती सरांसमोर ठेवली आणि दिवसभर त्या दोन शब्दांची वाट बघितली. परीक्षेच्या निकालाची मी इतकी वाट बघितली नव्हती.

संध्याकाळी मंजूर झालं. शेजारी, "छान."

मी तो बदल मागे घेतला आणि सरांपाशी जाऊन उभा राहिलो.

"सर, हे वाचलं तुम्ही?"

"वाचलं ना."

"चूक आहे त्यात."

"हाव," सर म्हणाले. "दिसली मले."

"मग लिहिलं का नाही?"

सर स्क्रीनकडेच बघत होते.

"म्हटलं, तू बी जाशील."